तेरेखोल सेव्हनचं पान

कसालच्या गुरुदास परबानं आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या, एक एसटीतली कंडक्टरकी आणि दुसरी तेरेखोल सेव्हन. संसार केला तो यशोदाबाईंनी. भाताचे चार कुणगे, काजूची बाग, मुलगी, मुलीचं लग्न, गणपती, म्हाळ, सगळं त्या माउलीनं निभावलं. हा गृहस्थ आपला खाकी घालून सकाळी बाहेर पडायचा आणि संध्याकाळी ना शेंडा ना बुडखा अशी कसलीतरी धून गुणगुणत घरी यायचा. म्हणून मी त्याला अरेतुरे करणार आणि यशोदाबाईंना अहोजाहो. कुणाला राग आला तर येऊ दे.

आता तेरेखोल सेव्हन म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मला मध्येच अडवाल. आरोंद्याच्या खाडीपलीकडे गोवा लागतो. त्या काठावरच्या सात जणांनी पन्नासेक वर्षांपूर्वी काढलेला हा बँड. ड्रम, दोन गिटारी, कीबोर्ड आणि फुंकायची तीन वाद्यं: सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. ते वाजवतात त्याला जॅझ-रॉक म्हणतात. म्हणजे नक्की काय, ते गुरुदासलाही नीट सांगता येत नाही आणि मला तर मुळीच नाही. पण हा वरातीतला बँड नव्हे, हे तो गेली पंचेचाळीस वर्षं कसालच्या नाक्यावर घसा सुकेपर्यंत सांगतोय, आणि नाका त्याला पंचेचाळीस वर्षं विचारतोय की मग वरातीला ते येतात की नाही.

एकोणऐंशी साल. गुरुदास तेव्हा बावीस वर्षांचा, कुडाळ डेपोत नवा लागलेला. म्हापशाच्या गाडीचा फॅन बेल्ट पेडण्याच्या अलीकडे एका चॅपलसमोर तुटला. प्रवासी मागच्या गाडीत चढवून दिले, ड्रायव्हर झाडाखाली चटई टाकून घोरायला लागला आणि दुरुस्तीवाल्यांची वाट बघत गुरुदास गळ्यात पिशवी अडकवून रस्त्यावर उभा राहिला. दुपार कलत आली होती. चॅपलचं फेस्त, म्हणजे वर्षाचा सण होता. कुंपणापलीकडे आंब्याखाली फळ्या टाकून स्टेज केलेलं आणि त्यावर सात जण वाजवत होते. गुरुदासला आधी वाटलं, यांचं आपसात भांडण झालंय. सात जण सात रस्त्यांनी सुटले होते, कोण कुणासाठी थांबत नव्हता. आता हे काही एकमेकांना सापडत नाहीत, असं म्हणेपर्यंत सातही जण एकाच थांब्यावर, एकाच ठोक्याला येऊन उभे. एसटीत असं झालेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

मग एक धून लागली. तिचं नाव ‘उधाण’, हे त्याला नंतर कळलं. बाकीचे सहा जण हळूहळू गप्प झाले आणि टोपी घातलेला एक काटकुळा तरुण एकटा ट्रम्पेट वाजवत राहिला. पौर्णिमेचं पाणी खाडीत कसं चढतं, आवाज न करता, बघता बघता घाटाची एक पायरी बुडते, मग दुसरी, तसा तो सूर चढत गेला. आणि शेवटच्या स्वराच्या तोंडाशी येऊन थांबला. चार ठोके काही नाही. कुंपणावरची सावली तशीच, ड्रायव्हरचं घोरणंसुद्धा जणू थबकलेलं. मग तो शेवटचा स्वर आला. त्या चार ठोक्यांत आपण आपलं मागचं-पुढचं सगळं आयुष्य बघून घेतलं, असं गुरुदास अजून सांगतो. बावीस वर्षांच्या माणसाचं मागचं आयुष्य ते केवढंसं, पण सांगतो बापडा.

खिशात संपलेल्या तिकीटगठ्ठ्याचा पुठ्ठा होता. गुरुदासनं हातातल्या पंचनं त्याला एक भोक पाडलं. का, ते त्यालाही माहीत नाही. कंडक्टरचा हात, दुसरं काय. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा बँड ऐकला तेव्हा तेव्हा त्या पुठ्ठ्यात एक भोक पडत गेलं. म्हापसा, पेडणे, सावंतवाडी, पणजी, वेंगुर्ला. ड्यूट्या बदलून घेतल्या, रजा टाकल्या, साहेबांना थापा मारल्या. गाडीत तिकिटं देताना डोक्यात ट्रम्पेट चालू असायचं. एकदा ओरोसला उतरणाऱ्या एका शिक्षकांना त्यानं थेट पणजीचं तिकीट फाडून दिलं आणि शिक्षक ओरडले तेव्हा हा त्यांच्याकडे बघून नुसता हसला.

टोपीवाल्याचं नाव पास्कू. सॅक्सोफोनवाला कायतान, तो बँडचा म्होरक्या. बाकीच्या पाच जणांचीही नावं गुरुदासला पाठ होती, देवाची असावीत तशी. पण बँड म्हटला की माणसं यायची-जायची. कोण बोटीवर गेला, कोण आखातात, कोण पोर्तुगालची कागदपत्रं करून कायमचा. जागा रिकामी झाली की कायतान नवा माणूस आणायचा आणि ऐकणारे कुरकुरायला लागायचे. सिंधुदुर्गातले असे चौदा-पंधरा जण होते, प्रत्येक कार्यक्रमाला पुढून तिसऱ्या रांगेत बसणारे. त्यांत कुडाळच्या बँकेतला चंदन सगळ्यांत कडवा. कीबोर्डवाला बदलला तेव्हा त्या रांगेतले दोघे यायचे बंद झाले. गिटारवाला सोडून गेला तेव्हा चंदन आठ दिवस नीट जेवला नाही, असं त्याच्या बायकोनंच यशोदाबाईंना सांगितलं. गुरुदास मात्र जात राहिला. त्याचा हिशेब सोपा होता, आंब्याखालच्या त्या सातांपैकी निदान एक जण स्टेजवर दिसला पाहिजे. एक दिसला की बँड तोच.

मग त्या सातांतली माणसं मरायला लागली.

पहिला गेला ड्रमवाला, दोन हजार चार साली. त्याच्यामागं कुणी नव्हतं. त्या वर्षी भाद्रपदात परबांच्या घरी म्हाळ झाला, पूर्वजांची पानं वाढून झाली, कौलावर कावळ्यांसाठी वाडी ठेवून झाली, आणि गुरुदासनं यशोदाबाईंकडे आणखी एक पान मागितलं. ज्याचं कोणी करणारं नाही त्याचं एक पान घरापुढच्या खळ्याच्या कडेला ठेवायची रीत त्यांच्या घरी होतीच. पण हा कोण उपरा, हे कळल्यावर यशोदाबाई कढईतला झारा बाजूला ठेवून नवऱ्याकडे वळल्या. तो क्रिस्तांव, त्याला आपले वडे चालतील का, एवढंच त्यांनी विचारलं. गुरुदास म्हणाला, तासभर ड्रम बडवणाऱ्याला काहीही चालतं. हे त्यांना पटलं. त्यांनी पान वाढलं.

तेव्हापासून ते पान चालूच राहिलं, आणि पानावरचे वाटे वाढत गेले. एक, मग दोन, मग चार. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. यशोदाबाईंनी यांतल्या एकालाही कधी पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं, पण वाढता वाढता त्यांनी एकेकाची आवडनिवड ठरवून टाकली होती. ट्रॉम्बोनवाल्याला गोड लागतं म्हणून त्याला खीर जास्त. बास गिटारवाल्याला तिखट सोसत नाही म्हणून सांबारं बेतानं. कुठून कळलं म्हणून विचारलंत तर सांगतील, इतकी वर्षं जेवायला येतो, कळणार नाही होय? आणि गुरुदास खळ्यात हात जोडून गाऱ्हाणं घालायचा, एकेकाचं नाव घेऊन, आणि घरातली माणसं मागं उभी राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची.

पास्कूचा वाटा लागला तो दोन हजार बारा साली. पणजीला कार्यक्रम होता. पडदा उघडला तर ट्रम्पेटच्या जागी एक खुर्ची, खुर्चीवर पास्कूची टोपी, आणि मागं पास्कूचा मोठा फोटो. फोटोला अबोलीचा जाडजूड हार. गुरुदासनं तो हार पाहिला आणि त्याच्या कानांत सूं व्हायला लागलं. कायतान माइकवर इंग्रजीत बोलत होता, पुढचे पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण फोटोला हार म्हटल्यावर आपल्याकडे आणखी काय विचारायचं असतं? गुरुदास तिथून उठला तो बसस्टँडवर येऊन रडला. त्या कार्यक्रमाचं भोकसुद्धा त्यानं पाडलं नाही. पुढं कुणी पास्कूचा विषय काढला की तो उठून जायचा. भाद्रपदात पास्कूला दोन वडे वाढायला लावले. इतरांना एक, त्याला दोन.

आणि दोन हजार तेवीसच्या गणपतीत कायतान गेला. सातवा. त्या म्हाळाला खळ्याच्या कडेच्या पानावर सात वाटे झाले. गाऱ्हाणं घालून गुरुदास आत आला, पुठ्ठा ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी घातला आणि यशोदाबाईंना म्हणाला, सगळे एका पानावर आले, आता ते प्रकरण मिटलं. त्या दिवसापासून गुणगुणणं बंद. संध्याकाळी ओटीवर बसून तो काजूच्या बागेकडे बघत राहायचा. घर इतकं गप्प झालं की यशोदाबाईंना भाकरी भाजतानाचा आपलाच आवाज मोठा वाटायला लागला. चव्वेचाळीस वर्षं ज्या धुनीला त्यांनी नावं ठेवली, ती त्या आता पाटावरवंट्याशी बसून आठवू पाहायच्या आणि त्यांना ती सापडायची नाही.

जानेवारीत चंदननं फोनवर जाहिरात धाडली. आरोंद्याला खाडीकाठी, संध्याकाळी पाच वाजता, तेरेखोल सेव्हन. सात नवे चेहरे. ट्रम्पेटवर सावंतवाडीची नीरजा नावाची कोण मुलगी. खाली चंदननं लिहिलं होतं की दुकान बुडालं आणि पाटी तेवढी राहिली. गुरुदासला ते अगदी पटलं. त्यानं फोन उलटा करून ठेवला आणि आपण जाणार नाही असं जाहीर केलं. त्या सातांतलं कोणी नाही म्हणजे तो बँडच नव्हे. नाव लावलं म्हणून काय झालं?

यशोदाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमी जावा नायतर रवा," त्या म्हणाल्या. "मी जातलंय. इतकी वर्षां तेंचो म्हाळ घालतंय, वाजवतत कसा तां एकदा तरी माका ऐकूक नको?"

गुरुदासनं फोन सुलटा करून वेळ पुन्हा वाचली. यावर तुमच्याकडे उत्तर असलं तर सांगा.

आरोंद्याला पोचले तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. खाडीचं पाणी भरतीला लागलेलं, पण इतकं हळू की होड्यांनाही पत्ता नसावा. पलीकडचे गोव्याचे माड धुरकट दिसत होते, मधूनच एखादा बगळा या राज्यातून त्या राज्यात जात होता. मैदानात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तिसऱ्या रांगेत जुनी मंडळी आलेली होती, चंदनसकट. ऐकायला नव्हे, नावं ठेवायला. गुरुदास रांगेच्या टोकाला बसला. सदऱ्याच्या आतल्या खिशात पुठ्ठा आणि पंच होते. ते आपण कशाला आणले, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला, त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

गुरुदासनं त्या टोपीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा टोपीकडे. पास्कू. केस पिंजलेले, गाल आत गेलेले, पण पास्कू. आता दुसरी कुठली वेळ असती तर माणूस ओरडला असता. पण ती संध्याकाळच अशी होती, पाण्यावरून ऊन सरकत असलेली, सगळे आवाज लांबून येत असलेले, की मेलेला माणूस शेजारी येऊन बसला तर त्यात फार वावगं वाटू नये. आपण बोलावलं म्हणून आला असेल, एवढंच गुरुदासच्या मनात आलं. तो यशोदाबाईंच्या कानाशी लागला आणि पास्कू आलाय म्हणून सांगितलं.

"खंयचो? दोन वड्यांचो?" यशोदाबाईंनी विचारलं.

मग त्यांनी काय केलं, तर पदर सावरल्यासारखं करून खाली वाकल्या आणि त्या म्हाताऱ्याचे पाय बघितले. पाय सरळ होते, बोटं पुढं, टाचा मागं. तरी खातरजमा म्हणून त्यांनी पिशवीतून खाज्याची पुडी काढली आणि पुढं केली. म्हाताऱ्यानं खाजं घेतलं, दात नव्हते म्हणून बराच वेळ चघळलं आणि छान आहे म्हणून मान हलवली. त्या नवऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या की माणूस जिवंत आहे. गुरुदासला एकदम इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली की त्याला खुर्चीवर बसवेना. पण बोलणार काय? तुमचा मी बारा वर्षं म्हाळ घालतोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

बँड सुरू झाला. सात तरुण माणसं, एकाचाही चेहरा ओळखीचा नाही. वाजवत होती बरी, गुरुदास खोटं बोलणार नाही, पण त्याचे कान जुन्या सातांना शोधत होते आणि प्रत्येक जागेवर त्यांना परका माणूस भेटत होता. शेजारी पास्कू डोळे मिटून बसला होता. सूर्य माडांच्या शेंड्यांना टेकला तेव्हा ‘उधाण’ लागलं. एकेक जण गप्प होत गेला. नीरजा एकटी पुढं आली, बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली, आणि तिचा सूर चढायला लागला. गुरुदासनं श्वास धरला. पायरी बुडाली, दुसरी बुडाली, सूर शेवटच्या स्वराच्या तोंडाशी आला, आता थांबेल, आता ते चार ठोके.

ती थांबली नाही. एका दमात वर गेली, सरळ त्या शेवटच्या स्वरावर, आणि तो पाण्यावर सोडून दिला.

तिसऱ्या रांगेत कुजबुज झाली. चंदन उठला. पोरीला साधा थांबासुद्धा माहीत नाही, असं मोठ्यानं म्हणाला आणि निघाला. त्याच्यामागून एकेक खुर्ची सरकली, सहा जण, सात जण. चंदननं गुरुदासला खूण केली. गुरुदासही उठून उभा राहिला. स्टेजवरची नीरजा ट्रम्पेट छातीशी धरून त्या उठणाऱ्या रांगेकडे बघत होती. गुरुदासनं जाता जाता वाकून पास्कूला नमस्कार केला आणि एवढंच म्हणाला की तुमचा थांबा तिनं घालवला.

पास्कूचं आजोळ आरोंद्याचंच. तो मालवणीतच बोलला.

"तो थांबो नाय रे," तो म्हणाला. "माझो दम पुरलो नाय, म्हणान थांबलंय. लोकांका आवाडला, म्हणान थांबत रवलंय. मिंगेल एका दमात जाय. ह्या चेडवान मिंगेलाचा वाजवल्यान."

कोण मिंगेल? गुरुदासला हे नावच ठाऊक नव्हतं. आणि मग उभ्या उभ्या त्याला कळलं ते असं. बँड काढला तेव्हा ट्रम्पेटवर मिंगेल होता. चार वर्षं त्यानं ते असं वाजवलं की लोक त्याचंच नाव घेत. मग तो बोटीवर गेला आणि बोटीवरच वारला. त्याच्या जागी कायताननं पास्कूला आणलं. पास्कूचा पहिला कार्यक्रम पेडण्याच्या अलीकडच्या त्या चॅपलच्या फेस्ताचा. मिंगेल नाही म्हटल्यावर समोरचे निम्मे लोक उठून गेले. हा काटकुळा पोरगा घामानं भिजला, ‘उधाण’च्या शेवटाला येईपर्यंत छातीत दम उरला नाही, आणि तिथं तो थांबला. आता सगळं संपलं असं त्याला वाटलं. तेव्हा कुंपणापलीकडे त्याला एक माणूस दिसला.

"गळ्यात पिशवी," पास्कू म्हणाला. "कंडक्टर होतो कोण तरी. तोंड उघडा टाकून उभो. तो गेलो नाय. तेका बघलंय आणि मगे तो सूर लावलंय."

पंचेचाळीस वर्षं ज्याला गुरुदास पहिला समजत होता तो दुसरा होता. ज्यांनी उठून जायचं ते त्या दिवशीही उठून गेले होते, आणि आपण राहिलो होतो, कारण आपल्याला मिंगेल माहीतच नव्हता. त्यानं मागं पाहिलं. चंदन रस्त्याला लागला होता. स्टेजवर ती मुलगी अजून उभी होती, ओठ घट्ट मिटून. गुरुदास परत आपल्या खुर्चीवर बसला. नीट, मांड ठोकून, नीरजाला दिसेल असा. मग त्यानं खिशातून पुठ्ठा काढला आणि सगळ्यांसमोर पंचनं भोक पाडलं. खाडीकाठच्या शांततेत तो आवाज बराच मोठा झाला. यशोदाबाई म्हणतात की त्या मुलीनं तिकडे बघितलं आणि ती हसली. गुरुदासला काही दिसलं नाही, त्याचे डोळे भरले होते.

त्यानंतर त्यानं पास्कूला सगळं सांगून टाकलं. तो कंडक्टर आपण, इथून सुरुवात केली आणि बारा म्हाळांपर्यंत आला. त्या फोटोचा उलगडाही झाला. दात गेले की ट्रम्पेट वाजवता येत नाही. दात गेले म्हणून पास्कू निवृत्त झाला, मुलीकडे लिस्बनला गेला, आणि जाताना बँडनं त्याचा सत्कार केला; गुरुदास उठून गेल्यावर तो स्वतः त्या खुर्चीवर येऊन बसला होता. सत्काराला हार नाही घालायचा तर काय घालायचं? गेल्या वर्षी मुलीला सांगून तो परत आला, एकटाच. मग त्यानं पानात काय काय असायचं ते विचारलं. यशोदाबाईंनी सांगितलं. मासे नव्हते का, असं त्यानं विचारलं. म्हाळाला मासे नसतात, हे कळल्यावर तो म्हणाला, तरीच पोट भरत नव्हतं.

यंदाच्या भाद्रपदात पास्कू कसालला आला. त्याआधी गुरुदास भटजींना विचारून आला होता की जिवंत माणसाचं नाव म्हाळातून काढायचा विधी काय. भटजींनी पंचांग मिटलं, चष्मा काढला, आणि अशी अडचण माझ्याकडे आजवर कुणी आणली नाही, माणसाला जेवायला घाल आणि गप्प बस, असं सांगितलं. तेव्हा पास्कूला ओटीवर पाट मांडला. आणि खळ्याच्या कडेला पान वाढलं. सहा वाटे व्हायला हवे होते, पण पास्कूच्या जागी गुरुदासनं मिंगेलचा वाटा लावला. पुन्हा सातच. यशोदाबाईंनी मिंगेलला काय आवडायचं ते पास्कूला विचारून घेतलं.

गुरुदासनं हात जोडले. मागं यशोदाबाई, त्यांच्याशेजारी काठी टेकून पास्कू.

"बा देवा म्हाराजा," गुरुदासनं गाऱ्हाणं सुरू केलं, आणि सातांची नावं घेतली, मिंगेलचं सगळ्यांत आधी. "तुमचो बँड चलता हा. नीरजा वाजवता ती तुमचाच वाजवता. तिच्यामागसून आणखी कोण येतलो, तेका मी ऐकतलंय, उठान जावचंय नाय. तेंका सगळ्यांका दम दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," यशोदाबाई म्हणाल्या. पास्कूही म्हणाला.

कावळे माडावर येऊन बसले होते. ओटीकडे वळायचं सोडून पास्कू त्या पानाकडे बघत उभा राहिला. आपला वाटा कुठं असायचा, हे त्यानं विचारलं. गुरुदासनं दाखवलं, इथं, कायतानच्या शेजारी, आता मिंगेल आहे तिथं. पास्कूनं मान डोलावली. लिस्बनला त्याची मुलगी आहे, नातवंडं आहेत, चांगली आहेत, पण त्यांना यातलं काही ठाऊक नाही, असं तो सावकाश सांगत राहिला.

"माझा नाव काढून टाकू नको," तो म्हणाला. "घाई नाय. पण जागा ठेव."

यशोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि आत वडे गार होतायत म्हणून हाक मारत निघून गेल्या. गुरुदास खाली बसला. मिंगेलचा वाटा त्यानं बोटांनी अलगद एका बाजूला सरकवला, कायतानचा दुसऱ्या बाजूला. मधे पानाची हिरवी पट्टी मोकळी झाली. दोन वडे मावतील एवढी.